हा कॉल यायला हवा होता का?

नऊ वर्षं मी आरोग्य विम्याचे क्लेम तपासले. डिस्चार्ज समरी, बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या. समोर माणूस कधीच नाही, नुसते कागद. कागद ओरडत नाहीत, रडत नाहीत, आणि त्या कामात मला तेच आवडायचं. आमच्या खालच्या मजल्यावर कंपनीचं कॉल सेंटर होतं. त्यांना आम्ही 'फोनवाले' म्हणायचो, आणि त्या शब्दात मावेल तेवढा तुच्छपणा भरायचो. एखादी तक्रार वरपर्यंत आली की आमचं वाक्य ठरलेलं: फोनवाल्यांनी काहीतरी चुकीचं सांगितलं असणार.

मग एका वर्षी तक्रारी फारच वाढल्या. खालची माणसंही भराभर सोडून जायला लागली. नवा माणूस शिकून तयार होईपर्यंत त्याचा राजीनामा यायचा. तेव्हा 'ग्राहक सेवा आणि कर्मचारी सहभाग' असं लांबलचक नाव असलेलं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर मला क्लेम कळतात. नावात दोन गोष्टी होत्या, म्हणून आराखडेही दोन होते. ग्राहकांसाठी गोड कसं बोलावं याचं प्रशिक्षण, आणि कर्मचाऱ्यांसाठी खेळ, बक्षिसं, महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी वगैरे. मी दोन्ही वाचले आणि दोन आठवडे मागून घेतले. म्हटलं, आधी मला नुसतं ऐकू द्या.

पहिल्या दिवशी एका मुलीच्या शेजारी दुसरा हेडसेट लावून बसले. ती वर्षभर तिथे होती, म्हणजे फ्लोअरवर जुनी समजली जायची. माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागत होती आणि एक अक्षर जास्तीचं बोलत नव्हती. माझ्या गळ्यात वरच्या मजल्याचं ओळखपत्र होतं ना.

मी वहीत प्रत्येक कॉलपुढे एकच गोष्ट लिहायचं ठरवलं होतं: हा कॉल का आला? काय विचारलं हे नाही, का आला हे. संध्याकाळी पान वाचताना लक्षात आलं की कॉल दोन जातींचे आहेत. काही आपोआप येणारे: पत्ता बदलायचाय, बाळाचं नाव पॉलिसीत घालायचंय, अमुक हॉस्पिटलात कॅशलेस आहे का. हे कॉल यायलाच हवेत, त्यासाठीच फोन आहे. आणि उरलेले सगळे आमच्याच एखाद्या अर्धवट कामामुळे आलेले. क्लेमचं काय झालं, कोणीच कळवलं नाही. कागद पाठवले, तरी परत तेच मागितलेत. काल तुमच्या माणसाने संध्याकाळपर्यंत फोन करतो म्हटलं होतं. जॉन सेडन या ब्रिटिश सल्लागाराने या दुसऱ्या जातीला 'फेल्युअर डिमांड' असं नाव दिलंय. ते मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी वहीत फक्त 'आमच्यामुळे' असं लिहून खाली रेघ मारली होती. तो ढीग पहिल्यापेक्षा बराच मोठा होता.

तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. आवाज दबका. क्लेम मंजूर झाल्याचं पत्र मिळालं होतं, पैशांबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं की पत्रात निदानापुढे 'के ८०.२' लिहिलंय, ते काय आहे? डॉक्टरांनी तर फक्त पित्ताशयात खडे आहेत असं सांगितलं होतं. हे दुसरं काही निघालंय का, आणि ते आपल्यापासून लपवताहेत का?

के ८०.२ म्हणजे पित्ताशयातले खडेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतला तो सांकेतिक क्रमांक आहे, आम्ही वरच्या मजल्यावर झोपेतही सांगू. माझ्या शेजारच्या मुलीला तो माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. तिने त्या बाईंना सांगितलं, "मी संबंधित विभागाकडून माहिती घेऊन कळवते." मी न राहवून वहीवर लिहून तिच्यापुढे सरकवलं: खडेच आहेत, दुसरं काही नाही. तिने ते वाचून दाखवलं. पलीकडे काही क्षण शांतता, मग त्या बाई हसल्या की रडल्या ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर ती मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे असले कॉल रोज येतात."

त्याच दुपारी दुसरा फोन. एक गृहस्थ चिडलेले. ऑपरेशनच्या बिलातला तिसरा हिस्सा कापला होता आणि कारण म्हणून पत्रात एक वाक्य होतं: 'पॉलिसीतील संबंधित कलमानुसार पात्र कक्षभाड्याच्या प्रमाणात अनुषंगिक खर्चांवर यथोचित वजावट करण्यात आली आहे.' मुलीने त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, वाचता मलाही येतं, अर्थ सांगा. तिने पुन्हा तेच वाक्य वाचलं, जरा हळू.

मी मान खाली घातली. ते वाक्य माझं होतं. चार वर्षांपूर्वी पत्रांचे नमुने तयार करणाऱ्या समितीत मी होते, आणि 'यथोचित' या शब्दासाठी तर मी भांडले होते.

त्याचा अर्थ असा. काही पॉलिसींमध्ये हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. तुम्ही त्या मर्यादेच्या दीडपट भाड्याची खोली घेतली, तर कंपनी भाड्याचा दोन तृतीयांश भाग देते. इथपर्यंत लोकांना पटतं. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचे पैसे हेही बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीच्या दर्जानुसार वाढतात, म्हणून तेही त्याच प्रमाणात दोन तृतीयांशच मिळतात. औषधांना ही कात्री सहसा लागत नाही. एवढंच. चार वाक्यांत सांगता येतं. पण आम्ही ते असं लिहिलं होतं की वाद निघाला तर आमची बाजू पक्की राहावी. वाचणाऱ्याला कळावं हा हेतू त्या समितीत कोणाच्याच मनात आला नव्हता, माझ्याही नाही.

आणि मुलीला ते कळलं नाही हा तिचा दोष म्हणावा, तर तिच्या स्क्रीनवर काय दिसत होतं ते पाहा: क्लेम क्रमांक, तारीख, आणि एक शब्द. 'प्रक्रियेत', 'मंजूर' किंवा 'नामंजूर'. क्लेम तपासताना आम्ही जी टिपणं लिहायचो, कशामुळे किती कापलं, काय राहिलंय, ती तिला दिसतच नव्हती. गोपनीयतेचं कारण होतं. ते खोटं नाही, वैद्यकीय माहिती सगळ्यांना उघडी करता येत नाही. पण तिची अवस्था म्हणजे बंद दाराबाहेर उभं राहून आत काय चाललंय ते दुसऱ्याला सांगण्यासारखी होती. तिला गोड बोलायला शिकवून काय होणार होतं?

तरी फ्लोअरवरची माणसं माझ्याशी मोकळी झाली ती यामुळे नाही. ती झाली माझी फजिती झाल्यावर.

दुसऱ्या आठवड्यात मी हट्टाने एक कॉल स्वतः घेतला. म्हटलं, क्लेममधलं मला सगळं येतं, घाबरायचं काय! पलीकडून एक माणूस बोलायला लागला ते थेट वरच्या पट्टीत. त्याचे वडील हॉस्पिटलात होते, डिस्चार्ज मिळालेला, अंतिम मंजुरीसाठी सकाळपासून खोळंबलेले. मी मध्येच नियम सांगायला गेले. तो आणखी भडकला. मग मला काही सुचेना. घसा कोरडा पडला आणि मी चक्क गप्प बसले. शेजारच्या मुलीने एक चिठ्ठी पुढे सरकवली: 'नाव विचारा. वडिलांचं. मग थांबा.' मी विचारलं. त्याने सांगितलं. मी थांबले. तो हळूहळू खाली आला. पुढचं सगळं काम तिनेच केलं, मी फक्त तिच्या चिठ्ठ्या वाचत होते. वर फोन केला तर मंजुरी आमच्याच मजल्यावर अडकली होती. एका सहीसाठी.

त्या दिवशी ब्रेकमध्ये त्यांनी मला त्यांच्यात बसवून घेतलं. आणि मग पाणी कुठे मुरतंय ते बाहेर यायला लागलं.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं एएचटीचं होतं, म्हणजे एका कॉलला सरासरी लागणाऱ्या वेळेचं. लक्ष्य होतं चार मिनिटं. साडेतीन मिनिटं झाली की स्क्रीनचा कोपरा पिवळा, चारनंतर लाल. लाल कॉल जास्त झाले की टीम लीड बोलावणार, महिन्याचा बोनस जाणार. मग करायचं काय? पिवळं दिसलं की 'मी माहिती घेऊन कळवते' म्हणायचं आणि ठेवायचं. ग्राहक उद्या परत फोन करतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतो, तोही पिवळं दिसल्यावर तेच म्हणतो. माझ्याकडे वर जो अहवाल यायचा, त्यात हे वेळेत संपलेले दोन कॉल म्हणून दिसायचे. एकच माणूस, दोनदा निराश, आणि आमच्या खात्यावर दोन यश. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं: एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी जोर दिला की तो आकडा पूर्वी जे सांगायचा ते सांगेनासा होतो. त्यांच्या डोळ्यांपुढे बँका होत्या, पण आमच्या पिवळ्या कोपऱ्यालाही ते तंतोतंत लागू होतं.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, हे अगदीच चुकीचं आहे. यावर एक मुलगा, अगदी शांतपणे, म्हणाला, "मॅडम, मग वरचे लोक एका वेळी एकच कागद का मागतात?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते द्यायची लाज वाटली. क्लेम आला की आमच्याही डोक्यावर घड्याळ असतं: इतक्या दिवसांत निकाल लागला पाहिजे. पण ग्राहकाकडे एखादा कागद मागितला, म्हणजे 'क्वेरी' टाकली, की ते घड्याळ थांबतं. कागद येईपर्यंतचे दिवस आमच्या नावावर धरत नाहीत. काम तुंबलं असेल तेव्हा फाइल वरवर बघून पहिली दिसेल ती उणीव पकडायची, क्वेरी टाकायची, घड्याळ थांबवायचं. तो कागद आला की फाइल नीट वाचायची, तेव्हा दुसरी उणीव दिसते. पुन्हा क्वेरी. ग्राहकाला वाटतं कंपनी मुद्दाम छळतेय. छळण्याचा हेतू नसतो, फक्त महिनाअखेर असते. मीही हे केलंय. कितीदा ते मोजलेलं नाही.

म्हणजे खालच्यांचा पिवळा कोपरा आणि वरच्यांची क्वेरी ही एकाच आजाराची दोन लक्षणं होती. दोन्ही मजले आपापलं घड्याळ सांभाळत होते, आणि मध्ये ग्राहक चेंडूसारखा टोलवला जात होता. नावातल्या दोन गोष्टींसाठी दोन आराखडे कशाला, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटला. फोनवरच्या माणसाला दिवसभर अशा गोष्टीबद्दल शिव्या खाव्या लागत होत्या, जी त्याने केलेली नाही, जी त्याला दिसत नाही आणि जी त्याला बदलता येत नाही. त्याला बक्षीस देऊन तो 'सहभागी' कसा होणार? विल्यम कान या अभ्यासकाने १९९० साली कामातल्या माणसाच्या गुंतण्याबद्दल लिहिलं, ते एक उन्हाळी शिबिर आणि एक वास्तुरचनेचं कार्यालय जवळून पाहून. माणूस कामात स्वतःला ओततो तेव्हा तीन गोष्टी असतात, असं त्याचं म्हणणं: कामाला अर्थ आहे असं वाटणं, मनातलं बोललं तर आपलं नुकसान होणार नाही ही खात्री, आणि अंगात तेवढं त्राण शिल्लक असणं. आमच्या फ्लोअरवर तिन्हींचा खडखडाट होता.

कंपनीत सहभागाचं सर्वेक्षण वर्षातून एकदा व्हायचं. निनावी. पण टीम सहा जणांची, आणि अहवालात टीमप्रमाणे, वयाप्रमाणे, नोकरीच्या वर्षांप्रमाणे फोड केलेली. कोणी काय लिहिलंय ते टीम लीड बोटांवर सांगायचे. परिणामी सगळे छान-छान लिहायचे. मी त्याऐवजी फ्लोअरच्या दाराशी एक पांढरा फळा लावला, वर लिहिलं: 'आज काय अडलं?' नाव लिहायचं नाही.

चार दिवस फळा कोरा. पाचव्या दिवशी कोणीतरी लिहिलं: 'तिसऱ्या स्क्रीनचा पासवर्ड दर दोन तासांनी परत मागतो, कॉल चालू असताना सुद्धा.' मला वाटलं, एवढंच? पण ठरवलं की पहिली गोष्ट जी येईल ती करायचीच. त्या एका पासवर्डसाठी माझे तीन आठवडे गेले. संगणक विभाग म्हणे सुरक्षेचं धोरण, सुरक्षावाले म्हणे आम्ही असं कधी सांगितलंच नाही, आणि शेवटी निघालं की कोणीतरी कधीतरी चाचणीसाठी ठेवलेली वेळमर्यादा तशीच राहिली होती. ज्या दिवशी ते बंद झालं त्या दिवशी मी फळ्यावरच्या त्या ओळीवर काट मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर जागा उरली नव्हती. बक्षिसांच्या कार्यक्रमाला जे जमलं नसतं ते त्या फालतू पासवर्डने केलं, आणि खरं सांगते, यात माझी हुशारी काही नव्हती, निव्वळ चिकाटी होती.

आता माझी चूक.

फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा एएचटी होतं, म्हणून मी वरिष्ठांशी भांडून चार मिनिटांची मर्यादा एका सोमवारपासून काढून टाकायला लावली. मनात म्हटलं, आता कॉल एकदाच येतील आणि नीट संपतील. सोमवारी दुपारपर्यंत रांग अशी लांबली की लोक कंटाळून फोन ठेवत होते, पुन्हा लावत होते, आणि लागल्यावर पहिली पाच मिनिटं वाट बघायला लावल्याबद्दल ओरडत होते. कॉल आणखी लांबले. मंगळवारी दोन मुली रजेवर. बुधवारी टीम लीड बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या चांगुलपणाने आमचा जीव जाणार आहे."

रोस्टर, म्हणजे कोणत्या वेळी किती माणसं बसवायची ते आखणाऱ्या माणसाने मग मला समोर बसवून गणित समजावलं. ते गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली वाट बघण्याची सूत्रं मांडली. आजही जगभरची बरीच कॉल सेंटरं किती माणसं लागतील ते त्यावरून मोजतात. समजा अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे ३०० मिनिटांचं काम, १० माणसांना पुरेल एवढं. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, झुंडीने येतात, म्हणून १० माणसं ठेवली तर रांग संपतच नाही. १४ ठेवली तर ग्राहकाला सरासरी ८ सेकंद थांबावं लागतं. ११ ठेवली तर दोन मिनिटांहून जास्त. फक्त तीन माणसांचा फरक!

"आणि आता तुम्ही केलंत ते बघा," तो म्हणाला. माणसं १४च, कॉलही १००च, पण प्रत्येक कॉल ३ ऐवजी ४ मिनिटांचा. माझ्या मनात सरळ हिशोब: कॉल एक तृतीयांशाने वाढला, तर थांबणंही तेवढंच वाढेल. त्याने आकडा काढून दाखवला. ८ सेकंदांचे जवळजवळ ५ मिनिटं होतात. कारण सगळी माणसं सतत कॉलवर असली की झुंड जिरवायला मोकळं कोणी उरत नाही. 'रिकामी बसलेली' माणसं मी नेहमी उधळपट्टी समजायचे. रांग आटोक्यात ठेवण्याचं काम तीच करत असतात.

मी मर्यादा परत आणली. अपमान वाटला, पण आणली. क्रम उलटा हवा होता हे उघड होतं: आधी नको असलेले कॉल कमी करायचे, मग उरलेल्यांना वेळ द्यायचा. मी घाईत दुसरं पाऊल आधी टाकलं आणि ते खालच्यांना भोगावं लागलं.

मग पत्रं. सगळ्यात जास्त जाणारे सात नमुने घेतले. नियम एकच: फ्लोअरवरच्या तीन जणांना पत्र वाचायला द्यायचं आणि मग कागद काढून घेऊन विचारायचं, ग्राहकाने आता काय करायचं आहे? तिघांचं उत्तर एक आलं पाहिजे. पहिल्या खेपेला एकही पत्र पास झालं नाही. कायदा विभागाने अपेक्षेप्रमाणे खो घातला, कलमाचे शब्द बदलता येणार नाहीत म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. शेवटी वर साध्या भाषेत काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. आणि कलम जसंच्या तसं खाली. सांकेतिक क्रमांकाशेजारी आजाराचं साधं नाव. एवढ्याशा गोष्टीला दोन महिने लागले, त्यातला दीड महिना सह्यांचा.

टिपणं उघडी करण्यात वेगळीच खडाजंगी झाली. तोडगा असा निघाला की क्लेम तपासणाऱ्याने एका वेगळ्या चौकटीत दोन ओळी लिहायच्या, ग्राहकाला जशाच्या तशा वाचून दाखवता येतील अशा. बाकी वैद्यकीय टिपणं बंदच. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हा जाच वाटला. 'आता आम्ही निबंधही लिहायचे?' असं मला ऐकवलं गेलं. काही जण त्या चौकटीत नुसती टिंबं टाकायचे, म्हणजे रकाना भरलेला दिसतो. हे मी त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं, म्हणून फार रागावता आलं नाही.

दर महिन्याला वरच्या प्रत्येकाने एक दिवस खाली हेडसेट लावून बसायचं असंही ठरलं. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि आजतागायत ते खाली गेलेले नाहीत. पण त्यांनी एकदा माझ्याकडून माझी ती वही मागून नेली. आठवड्याने परत दिली, बोलले काहीच नाहीत. त्यानंतर त्यांच्या क्वेरीत सगळे कागद एकाच वेळी मागितलेले असायचे, क्रमांक घालून. क्वेरी टाकल्यावर घड्याळ थांबण्याचा नियम मात्र मला बदलता आला नाही. एकाच क्लेमवर दुसरी क्वेरी टाकायची असेल तर वरिष्ठाची सही लागेल, एवढंच पदरात पडलं.

एक गोष्ट राहिली, ती लिहायला नको वाटतं. प्रत्येक कॉलनंतर ग्राहकाला आपोआप एक संदेश जायचा: 'तुम्ही आमची शिफारस मित्रांना करण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?' ही पद्धत फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ साली मांडली. ९ आणि १० म्हणजे खूश, ६ आणि त्याखाली नाराज, नाराजांची टक्केवारी खुशांमधून वजा. दुकानदारीला ठीक असेल. आमच्याकडे एका मुलाने आईच्या मृत्यूनंतर क्लेमसाठी कोणते कागद लागतात ते विचारायला फोन केला. फोन ठेवल्याबरोबर त्याला तो संदेश गेला. त्याने परत फोन केला, योगायोगाने तो आधीचा कॉल घेणाऱ्या मुलीलाच लागला. तो ओरडला नाही. म्हणाला, "तुम्हीच पाठवलात का हो हा?"

ती हेडसेट काढून जिन्यात जाऊन बसली. सिस्टीममध्ये तिच्या नावापुढे 'विनापरवाना ब्रेक' अशी नोंद झाली, बारा मिनिटं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरी आणि वसुली करणारे यांच्यावर लिहिताना 'भावनिक श्रम' हा शब्द रूढ केला: पगारासाठी चेहऱ्यावर किंवा आवाजात एक भावना धरून ठेवणं, आतली काहीही असो. आमच्या सिस्टीममध्ये कॉल सोडून उठण्याच्या नोंदीसाठी जेवणाला कोड होता, प्रशिक्षणाला कोड होता. या श्रमाला नव्हता. तसा कोड आम्ही सुरू केला. कारण विचारायचं नाही, मोजायचं नाही. काही जण त्याचा गैरफायदा घेतील असं सांगणारे भेटले, घेतलाही असेल एखाद्याने. मृत्यूच्या क्लेमना तो संदेश जाणं बंद झालं आणि अशा प्रत्येक घरासाठी एकच ठरलेला माणूस, त्याचा थेट क्रमांक, असं सुरू झालं. त्या मुलीने ते काम मागून घेतलं. मला वाटलं होतं ती नोकरी सोडेल.

चार मिनिटांची मर्यादा शेवटी गेली, सात महिन्यांनी, टीम-टीमने, रोस्टरवाल्या माणसाने होकार दिल्यावरच. 'आमच्यामुळे' हा ढीग लहान झालाय, संपलेला नाही. माणसं अजूनही सोडून जातात, पण जाताना कारण सांगून जातात.

फळा अजून दाराशीच आहे. परवा त्यावर नव्या अक्षरात एक ओळ दिसली: 'वजावटीच्या नवीन पत्रातला तिसरा परिच्छेद कोणालाच समजत नाही. हे लिहितं कोण?'

मी वर जाऊन पत्र काढलं. तिसरा परिच्छेद माझाच होता. चारदा वाचला, मला समजत होता. मग पेन घेऊन खाली गेले.